तलावात हरवलेलं जाळं: अडकू नये म्हणून काय करायचं, अडकलं तर काढायचं कसं

समुद्रात होडीचं जाळं तुटलं की ते कुणाचंच राहत नाही. ट्रॉलरने ओढून नेलं, खडकात फाटलं किंवा प्रवाहाने वाहवलं, तर ते कुठे थांबेल हे तांडेलालाही सांगता येत नाही. विदर्भातल्या तलावांचं आणि धरणांचं तसं नाही. इटियाडोह असो, गोसीखुर्दचा फुगवटा असो की गावामागचा मामा (माजी मालगुजारी) तलाव, जाळं हरवलं तरी ते त्याच पाण्यात असतं. मच्छीमार संस्थेने पैसे मोजून सोडलेली रोहू-कतल्याची बोटुकली मोठी झाली की ती त्याच जाळ्यात अडकून मरते. म्हणजे नुकसान दोनदा होतं, जाळ्याचं आणि माशांचंही. पाणी मर्यादित असल्यामुळे असं जाळं सापडण्याची शक्यता समुद्रापेक्षा कितीतरी जास्त असते, आणि तरी आपल्याकडे ते शोधायला फारसं कुणी जात नाही.

हा लेख मुख्यतः तंगूस जाळ्याविषयी आहे, म्हणजे एकपदरी नायलॉनच्या, पाण्यात भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या जाळ्याविषयी. फेकजाळं हातात असतं आणि ओढजाळ्याला दहा माणसं लागतात, त्यामुळे ती क्वचितच हरवतात. तंगूस संध्याकाळी लावून पहाटे काढायचं असतं. मधल्या रात्री त्याच्याजवळ कुणी नसतं, आणि ते हरवतं ते याच वेळात.

हरवलेलं जाळं पाण्यात काय करतं

नायलॉन पाण्यापेक्षा जड असतं, पण वरच्या दोरीचे फ्लोट जाळ्याला उभं धरून ठेवतात. मासे अडकत जातात, वजन वाढतं आणि जाळं खाली बसतं. अडकलेले मासे कुजतात, त्यांच्या वासाने शिवडा, मरळ, कासवं येतात आणि तीही अडकतात. कुजलेलं गळून पडलं की जाळं हलकं होतं, पुन्हा थोडं उभं राहतं आणि पुन्हा धरू लागतं. शेवाळ आणि गाळ चढून ते दोरखंडासारखं वळेपर्यंत हा प्रकार चालतो. खुंटावर ताणून अडकलेलं जाळं वळतच नाही, म्हणून ते सर्वांत जास्त काळ मारत राहतं. पूर्वीची सुती आणि सणाची जाळी सालीच्या काढ्यात बुडवूनसुद्धा लवकर कुजायची. नायलॉनचं तसं होत नाही, ते वर्षानुवर्षं टिकतं.

हरवतं कशामुळे

चोरी सोडली तर मुख्य कारणं चार.

पहिलं बुडीत खुंट. धरण भरताना सगळी झाडं तोडलेली नसतात. त्याशिवाय पाण्याखाली गेलेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, कुंपणाचे दगडी खांब असतात. जुन्या तलावांत काठाने बेशरमची झुडपं असतात. पाणी चढलं की ती बुडतात, दिसत नाहीत, आणि जाळ्याची खालची दोरी त्यांच्यात गुंतते.

दुसरं कारण पाण्याची पातळी, आणि सगळ्यात जास्त चूक इथेच होते. पावसाळ्यात एका रात्रीत मीटरभर पाणी चढणं नवल नाही. बोयाचा, म्हणजे जाळ्याची जागा दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेचा, दोर आखूड असेल तर दोनच गोष्टी होऊ शकतात. नांगर, म्हणजे टोकाला बांधलेला दगड, जड असेल तर बोया पाण्याखाली जातो. नांगर हलका असेल तर बोया नांगराला उचलतो आणि अख्खं जाळं चालू लागतं. बोया म्हणून वापरलेली पातळ प्लास्टिकची कॅन एकदा खाली ओढली गेली की दाबाने चेपते. ५ मीटरवर आतली हवा दोन तृतीयांश उरते, १० मीटरवर निम्मी. चेपलेल्या कॅनची उचल कमी झालेली असते, त्यात बारीकशी चीर पडली की पाणी आत शिरतं, आणि मग ती वर येतच नाही. सकाळी बघणाऱ्याला वाटतं कुणीतरी जाळं नेलं. पुष्कळ ‘चोऱ्या’ अशाच असतात.

तिसरं कारण पाणी सोडणं. धरणाचं दार उघडलं किंवा मामा तलावाचं तुडूम काढलं की त्या बाजूला ओढ तयार होते. सांडव्याच्या तोंडापासून जाळं लांब ठेवायचं ते याच कारणाने.

चौथं जलपर्णी. वाऱ्याने सरकणारा जलपर्णीचा मोठा पट्टा बोयाला अडला की त्याच्या ओढीपुढे कोणताही दगड टिकत नाही.

लावण्याआधीची बांधणी

*नांगर.* दगड पाण्यात गेला की त्याचं वजन सुमारे ४० टक्के कमी भरतं. १० किलोचा काळा दगड पाण्यात ६ किलोच्या आसपास ओढतो. विटेचं वजन तर निम्म्यावर येतं, म्हणून वीट नांगराला वापरू नये. बोयाची उचल याच्या उलट असते, १ लिटर बंद हवा साधारण १ किलो उचलते. म्हणजे ५ लिटरची तेलाची कॅन आणि ५ किलोचा दगड ही जोडी चुकीची झाली. पाणी चढलं तर ५ किलोची उचल ३ किलोच्या दगडाला सहज हलवेल. ५ लिटरच्या कॅनला किमान १० किलोचा दगड हवा. वाऱ्याच्या उघड्या पाण्यात १५ किलोचा बरा, नाहीतर कॅन लहान करा. दगड गुळगुळीत असेल तर दोर निसटतो. आडवी खाच असलेला दगड घ्या, किंवा सिमेंटचा गोळा ओतताना त्यात सळईची कडी बसवून घ्या.

*बोयाचा दोर.* पाण्याच्या खोलीच्या दीडपट. ६ मीटर पाण्यात ९ मीटर. पावसाळ्यात धरणात लावत असाल तर दुप्पट. पण जास्तीचा दोर पाण्यावर तरंगत राहिला तर मोटरबोटीच्या पंख्यात सापडून तुटतो, कारण प्लास्टिकचे बहुतेक दोर पाण्यापेक्षा हलके असतात. उपाय सोपा आहे. बोयापासून २ मीटर खाली दोराला अर्धा किलोचं वजन बांधा, म्हणजे सैल दोर पाण्याखाली लोंबकळत राहतो.

दोन्ही टोकांना बोया हवाच. एकच बोया लावून दुसरं टोक खुंटाला बांधायची सवय आहे, ती मोडायला हवी. एक बोया गेला तरी दुसऱ्या टोकावरून जाळं मिळतं.

*कॅन.* विदर्भातल्या उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. दरवर्षी उन्हाळा संपताना कॅन दाबून बघा. पांढरट पडली असेल आणि दाबल्यावर कडकड वाजत असेल तर बदला. थर्माकोलचा उघडा तुकडा वापरू नका. तो चुरा होऊन पाण्यावर पसरतो.

*जाळ्यावरची खूण.* संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ मध्ये मासेमारीच्या साधनांवर खुणा करण्याची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. ती समुद्राला समोर ठेवून केलेली असली तरी त्यातली मूळ गोष्ट तलावालाही तितकीच लागू आहे: जाळं कुणाचं आणि कुठलं हे जाळ्यावरच लिहिलेलं असावं. जुन्या कॅनच्या जाड प्लास्टिकच्या ३ बाय ६ सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा. तापवलेल्या खिळ्याने त्यांवर संस्थेचं आद्याक्षर, सभासद क्रमांक आणि जाळ्याचा क्रमांक कोरा, आणि दर २५ मीटरवर वरच्या दोरीला एक पट्टी बांधा. मार्कर पेनची शाई उन्हात उडते, तिच्या भरवशावर राहू नका. अशी खूण असली की सापडलेलं जाळं परत करता येतं आणि संस्थेत भांडणंही कमी होतात.

*सुती बांधणी.* जाळीचा पडदा वरच्या दोरीला नायलॉनऐवजी सुती दोऱ्याने ओवला, तर जाळं हरवल्यावर काही आठवड्यांनी दोरा कुजायला लागतो, पडदा सुटून तळाशी बसतो आणि फ्लोटची दोरी तेवढी वर राहते. तळाला सपाट पडलेलं जाळं उभ्या जाळ्याइतकं मारत नाही. याचा त्रासही आहे. दोरा तपासत राहावा लागतो आणि हंगामात निदान एकदा पुन्हा ओवावं लागतं. रोज काढून वाळवलेल्या जाळ्यात तो बराच टिकतो, दोन-दोन दिवस पाण्यात ठेवलेल्या जाळ्यात नाही. ज्यांची जाळी खुंटांच्या भागात लागतात त्यांनी तरी हे करावं. मोकळ्या पाण्यात नाही केलं तरी चालेल.

जागेची नोंद

जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. जाळ्याच्या टोकावर डोंगा थांबवून काठावर एका रेषेत येणाऱ्या दोन वस्तू बघा, जसं मंदिराचा कळस आणि त्यामागचा मोबाइलचा टॉवर. मग वेगळ्या दिशेला अशीच दुसरी जोडी शोधा. दोन रेषा जिथे छेदतात तिथे तुमचं टोक. दोन्ही दिशांमध्ये मोठा कोन हवा, काटकोन असेल तर सर्वांत चांगलं. अरुंद कोनात चूक वाढते.

सोबत मोबाइलवर जागेची खूण साठवा. उघड्या आकाशाखाली फोन साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो. आकडे लिहून ठेवत असाल तर दशांश चिन्हानंतर पाच अंक लिहा. चारच लिहिले तर फरक ११ मीटरपर्यंत जातो, आणि गळ टाकताना ११ मीटर फार असतात. दोन्ही टोकांची नोंद करा. एकाच टोकाची नोंद असेल तर जाळं कोणत्या दिशेला पसरलं होतं ते कळत नाही.

हरवल्यावर पहिल्या दिवशी

बोया दिसला नाही म्हणून लगेच गळ टाकू नका. आधी नोंदलेल्या जागी जा आणि पाणी किती चढलं ते काठावरच्या ओल्या रेषेवरून बघा. पाणी चढलं असेल तर जाळं बहुधा तिथेच आहे, फक्त बोया बुडाला आहे.

पाणी तेवढंच असेल तर वाऱ्याखालचा काठ बघून या. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून सुटलेली जाळी पूर्व-ईशान्य काठाला सापडतात. हिवाळ्यात वारा उत्तरेकडचा-ईशान्येकडचा असतो, तेव्हा उलट बाजू. जलपर्णीचा पट्टा जिथे जाऊन लागला असेल तिथे त्याच्या कडेने वल्ह्याने चाचपा. ही फेरी एका सकाळीत होते आणि गळ टाकायची वेळ बहुतेकदा येतच नाही.

गळ बनवणं

विहिरीतली बादली काढायचा लोखंडी गळ एका जागी खाली टाकायला ठीक, पण तलावाचा तळ शोधायला लांब आडवा गळ लागतो. साहित्य असं:

- १ इंची लोखंडी पाइप, १ मीटर लांब
- ६ मिलिमीटर सळईचे पाच आकडे, प्रत्येकाचं तोंड ५ ते ६ सेंटिमीटर उघडं
- १ मीटर साखळी
- १० मिलिमीटरचा दोर, खोलीच्या तिप्पट

पाइपला दर २० सेंटिमीटरवर आकडा वेल्ड करून घ्या, सगळे एकाच बाजूला. पाइपच्या दोन टोकांना दोर बांधून पुढे त्रिकोण करा. त्रिकोणाच्या टोकाला साखळी आणि साखळीला ओढायचा दोर. साखळी नसेल तर दोर वर ओढला जाताना पाइप उचलला जातो आणि आकडे तळ सोडतात. दोर तिप्पट लागतो तोही याचसाठी.

वेल्डिंगवाला १० मिलिमीटरची सळई वापरू म्हणेल, मजबूत होईल म्हणून. नको म्हणा. ६ मिलिमीटरचा एकटा आकडा खुंटात अडकला तर २०-३० किलोच्या ओढीला उघडतो आणि सुटतो. १० मिलिमीटरचा आकडा सुटणार नाही, डोंगा कलंडेल. जाळं तीन-चार आकड्यांत एकदम सापडतं आणि वजन वाटलं जातं, त्यामुळे जाळ्याला ६ मिलिमीटर पुरतो. वाकलेला आकडा काठावर येऊन दगडावर ठोकून सरळ करता येतो.

गळ ओढणं

वेळ पहाटेची, वारा पडलेला. डोंग्यात दोघे, एक वल्ह्यावर आणि एक दोरावर. दोघांच्याही अंगावर तरंगणारं जॅकेट आणि हाताशी उघडा करता येईल असा चाकू. तंगूस पायात किंवा बटनात अडकून माणूस ओढला जातो आणि गाठ सोडायला वेळ मिळत नाही.

जाळं ज्या दिशेने पसरलं होतं त्याला आडवं जायचं. काठापासून आत लावलं असेल तर काठाला समांतर ओढा. अशा ओढीत जाळं लांबून छेदलं जातं, म्हणून ५० मीटरच्या जाळ्याला १५-२० मीटर अंतराने तीन फेऱ्या पुरतात. लांबीच्याच दिशेने ओढलं तर गळ जाळ्याशेजारून दहादा जाईल आणि लागणार नाही. तुकडा शोधत असाल तर मात्र फेऱ्या ३ ते ५ मीटरवर घ्या.

हळू वल्हवा. वेग वाढला की गळ तळ सोडतो. दोरावरचा हात सांगतो खाली काय चाललंय: गाळात सलग जड ओढ, दगडावर टकटक, खुंटावर एकदम थांबणं. जाळं लागलं की ओढ हळूहळू वाढत जाते आणि दोर थोडा लवचिक वाटतो. दर २० मीटरला गळ वर घेऊन शेवाळ आणि मुळ्या काढा. भरलेले आकडे काही धरत नाहीत.

जाळं लागलं की दोर डोंग्याच्या बाजूला बांधू नका. नाकाडावरूनच, म्हणजे डोंग्याच्या पुढच्या टोकावरून ओढा, दोघांनीही बसून. वजन फार असेल तर जाळं डोंग्यात घेऊ नका. टोकाला मोठा बोया बांधा आणि दोर काठावर नेऊन तिथून चार माणसांनी ओढा. कुजलेल्या माशांसकट गाळाने भरलेलं जाळं वाटतं त्याच्या कितीतरी पट जड असतं.

खुंटात अडकलं असेल तर

सरळ वर ओढू नका. जाळं ज्या बाजूने जाऊन गुंतलं त्याच्या विरुद्ध बाजूला डोंगा न्या आणि कमी कोनात ओढून बघा. तेवढ्यानेही सुटलं नाही तर कडीचा प्रयोग करा. २-३ किलोची लोखंडी कडी घ्या, उसाच्या चरकाची जुनी कडी किंवा साखळीचा वळसा चालतो. ती अडकलेल्या ताणलेल्या दोरावर ओवा, कडीला वेगळा दोर बांधा आणि दोरावरून खाली घसरू द्या. ती अडकलेल्या जागेपर्यंत पोहोचते. मग डोंगा पलीकडे नेऊन कडीचा दोर ओढा. आता ओढ अगदी खुंटाजवळून आणि उलट्या दिशेने मिळते, त्यामुळे पुष्कळदा सुटतं.

नाहीच सुटलं तर पाण्यात उडी मारून सोडवायला जाऊ नका, कितीही पट्टीचा पोहणारा असो. गढूळ पाण्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही, आणि तंगूस तर स्वच्छ पाण्यातही दिसत नाही. जितकं वर येतं तितकं कापून घ्या. उरलेल्या भागाला पक्का बोया बांधा, जागा लिहा आणि मे महिन्यात या.

उन्हाळ्यातली फेरी

एप्रिलच्या शेवटापासून पहिल्या पावसापर्यंत पाणी सर्वांत खाली असतं. खुंट उघडे पडतात आणि वर्षभरातली जाळी त्यांवर लोंबलेली दिसतात. संस्थेने वर्षातून दोन दिवस याला द्यावेत. सकाळी सहा ते दहा, त्यानंतर ऊन सोसत नाही. गाळात पाय टाकण्याआधी काठीने खोली बघा, कारण वरून वाळलेला गाळ आत कमरेइतका मऊ असू शकतो. खुंटांच्या जागा याच वेळी कागदावर मांडा. पुढच्या पावसाळ्यात जाळं कुठे लावायचं नाही हे त्या कागदावरून ठरतं, आणि या दोन दिवसांची खरी कमाई बहुधा तीच असते.

रोहू, कतला, मृगळ यांचा विणीचा काळ पावसाळ्यात येतो. त्याआधी पाणी साफ झालं तर अंड्यांवर आलेल्या माद्या जुन्या जाळ्यांत मरत नाहीत.

पेंचमधल्या तोतलाडोहासारख्या संरक्षित जलाशयात मासेमारी बंद आहे. तिथलं जाळं काढायलाही स्वतःहून जाऊ नका, वन विभागाला कळवा.

जाळ्यात जिवंत प्राणी असेल तर

जाळं कापा, प्राण्याला ओढू नका. कासवाच्या मानेभोवतीचा आणि पायांभोवतीचा धागा कात्रीने तोडा आणि ते काठाच्या सावलीत थोडा वेळ ठेवून पाण्यात सोडा. कासव घरी नेणं, विकणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. पाणकावळा किंवा टिबुकली असेल तर आधी डोक्यावर फडकं टाका, पंख अंगाशी धरा, मग कापा. पाणकावळा चोच थेट डोळ्यांकडे मारतो. जाळ्यातला साप बहुतेकदा दिवड असतो. तो विषारी नाही, पण पाण्यात दुरून ओळख पक्की होत नाही. साप असेल तर, किंवा जखम मोठी असेल तर, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

काढलेल्या जाळ्याचं काय करायचं

जाळू नका. नायलॉनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. काठावर टाकलंत तर पुढच्या पुरात ते पुन्हा आत जाईल.

वरची आणि खालची दोरी, फ्लोट आणि शिसं वेगळं करा, ते पुन्हा वापरता येतं. शिसं घरच्या चुलीवर वितळवू नका, त्याचा धूर लहान मुलांना सर्वांत घातक असतो. खालच्या दोरीला भाजलेल्या मातीचे मणी चालतात, कुंभाराकडून भोक ठेवून करून घ्या.

भंगारात देताना नायलॉनची जाळी आणि दोर वेगळे ठेवा. ओळखायला तुकडा पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवून, बुडबुडे झटकून सोडा. नायलॉन तळाला जातं, दोरांचं प्लास्टिक वर येतं. गाळ धुऊन, वाळवून, पोत्यात दाबून संस्थेत साठवा. एकट्याचं दोन किलो कुणी घेत नाही, पोती साचली तर घेणारा सापडतो.

आपल्या भागात जुनं तंगूस वांग्या-मिरचीच्या वाफ्यांभोवती किंवा धुऱ्यावर डुकरांसाठी लावतात. सैल लावलेल्या तंगूसात धामण अडकून मरते आणि मग शेतात उंदीर वाढतात. त्यापेक्षा न लावलेलं बरं. लावायचंच असेल तर गळाठलेलं जाळं दोन-तीन पदरी करा, खांबांना घट्ट ताणून बांधा आणि खालची कड जमिनीत पुरून टाका, लोळती ठेवू नका. पीक निघालं की जाळंही काढून पोत्यात परत ठेवा.